सहा प्रश्नचिन्हं

अण्णांच्या वह्या सात आहेत. दोनशे पानी, खाकी कव्हराच्या, कव्हरावर शाईनं घातलेले आकडे. अण्णा प्राथमिक शिक्षक होते. सातारा जिल्ह्यात जिथं जिथं बदली झाली तिथले शेतीतले शब्द ते टिपून ठेवत. शब्द, अर्थ, गाव, कोणाच्या तोंडून ऐकला, साल. त्यातल्या जवळजवळ अडीच वह्या नुसत्या मोटेच्या आहेत. नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर. सोंदूर म्हणजे मोटेच्या सोंडेला बांधलेली बारीक दोरी. धाव म्हणजे बैल मोट ओढत खाली जातात तो उतार. थारोळं म्हणजे मोटेचं पाणी जिथं ओतलं जातं ती बांधीव जागा. विहिरीवर इंजिनं बसली आणि एका पिढीत हे सगळे शब्द बोलण्यातून गेले.

मी साताऱ्यात बावीस वर्षं डीटीपीचं काम केलं. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल, दोन दिवाळी अंक. सगळं श्रीलिपी या मराठी फॉन्टांच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्या काळी मजकूर दुसऱ्या मशीनवर नेला आणि तिथं तो फॉन्ट नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. त्यामुळं 'मराठी मजकूर म्हणजे फॉन्ट' हीच समजूत कित्येक वर्षं डोक्यात होती. प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला आकडा देणारं युनिकोड आलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की अक्षर ही वेगळी गोष्ट आणि त्याचं दिसणं वेगळी. मग ठरवलं, अण्णांच्या वह्या इंटरनेटवर घालायच्या.

पहिल्या वेळी मी प्लॅटफॉर्म, म्हणजे साइट ज्यावर उभी राहते ते सॉफ्टवेअर, निवडलाच नाही. २००९ मध्ये एका फुकटच्या सेवेवर सुरुवात केली, दीड वर्षानं ती बंद होणार असल्याची मेल आली. त्याच २००९ च्या ऑक्टोबरात याहूनं जिओसिटीज बंद केलं होतं, जगभरातल्या लोकांनी हौसेनं बांधलेली लाखो पानं त्यात गेली. मी ती बातमी वाचली होती, पण आपल्याला ती लागू आहे असं वाटलं नव्हतं. मेल आल्यावर धावपळ करून एका स्वस्त होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, जागा घेतली आणि ओळखीच्या मुलानं जे बसवून दिलं ते वापरत राहिले. ते काय आहे, कुठं आहे, मजकूर कशात साठतो, काही विचारलं नाही. काम चालत होतं.

आणि काम खरंच छान चाललं. अण्णा निवृत्त होऊन घरी होते. संध्याकाळी मी एक नोंद वाचून दाखवायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच थांबवायचे. "हे असं नाही, लिही." मग वहीत नसलेलं काहीतरी सांगायचे आणि मी ते थेट साइटवर टाइप करायची. कागदावर उतरवायचं माझ्या मनात कधी आलंच नाही. २०१६ मध्ये अण्णा गेले, तेव्हा साइटवर २१४ नोंदी होत्या.

२०१८ च्या जूनमध्ये भाचीच्या लग्नासाठी मी दहा दिवस बाहेर होते. त्या दहा दिवसांत होस्टिंगवाल्यांनी त्यांचा सर्व्हर बदलला. परत येऊन साइट उघडली तर पानं जागच्या जागी होती, चित्रं होती, मेनू होता, आणि मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी. स्वल्पविराम जागेवर, पूर्णविराम जागेवर. कुठं कुठं मी सवयीनं इंग्रजी आकड्यांत घातलेली सालं शाबूत. बाकी सगळं ??????.

त्यांना फोन केला. बॅकअप होता, पण सात दिवसांचाच ठेवत होते आणि सातही दिवस उलटून गेले होते. माझा स्वतःचा बॅकअप त्याच सर्व्हरवर दर रविवारी आपोआप व्हायचा. तोही प्रश्नचिन्हांचाच झालेला.

पुढं मी हे नीट समजून घेतलं, कारण समजून घेतल्याशिवाय झोप लागत नव्हती. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हेसुद्धा, युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट घेतं. ते तीन बाइट जसेच्या तसे राहिले आणि फक्त चुकीच्या पद्धतीनं वाचले गेले, तर पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' दिसतो, त्याच्यामागं चलनाचं गोल चिन्ह नाहीतर जपानी येनचं. भयंकर दिसतं, पण ते परत आणता येतं. आत माल जिवंत असतो. मात्र डेटाबेसला वाटेत कुठं 'लॅटिन', म्हणजे रोमन अक्षरांचाच संच, सांगितलेला असेल, तर ज्या अक्षराला त्यात जागा नाही त्याच्याऐवजी तो एक प्रश्नचिन्ह ठेवतो आणि मूळ टाकून देतो. ते परत येत नाही. ज्याच्या पडद्यावर कचरा दिसतोय त्यानं काहीही 'सेव्ह' न करता जाणकार माणूस गाठावा, एवढं तरी मी आता प्रत्येकाला सांगते.

त्या पावसाळ्यात मी प्रश्नचिन्हं मोजत बसले. प्रत्येक चिन्हाला एक, असा हिशेब असल्यामुळं शब्दाचा आकार उरलेला असतो. मोट तीन. नाडा चार. बैल तीन. अण्णांचं बोलणं कानात होतं, वही शेजारी उघडी, आणि मी प्रूफ तपासावं तशी एकेक ओळ लावत होते. मूळ नोंदी वहीत होत्याच, त्या पुन्हा टाइप केल्या. त्यांच्या तोंडून घेतलेल्या दुरुस्त्या तेवढ्या गेल्या होत्या. त्यातल्या एकसष्ट नोंदी अनपेक्षितपणे परत मिळाल्या. सिंगापूरला राहणारे कराडचे एक गृहस्थ साइटची प्रत्येक नोंद मेलवर मागवून घेत होते, आणि त्यांनी एकही मेल पुसली नव्हती. रात्री अकरा वाजता त्यांनी सगळ्या मेल्स पाठवल्या. मी त्या उघडून अण्णांची वाक्यं वाचली आणि पहाटेपर्यंत जागीच होते.

त्यानंतर मात्र मी प्लॅटफॉर्म निवडला. चार महिने लावले.

घरच्याच कॉम्प्युटरवर झॅम्प नावाचं सॉफ्टवेअर बसवून घरातल्या घरात चालणारा लोकल सर्व्हर तयार केला आणि तीन नोंदी ठरवल्या. 'नाडा', ही साधी. 'दऱ्या', ही त्यातल्या ऱ्य साठी. आणि 'मोटेच्या विहिरीवरची अवजारं', कारण त्यात तक्ता होता आणि अण्णांनी पेन्सिलीनं काढलेलं चित्र होतं. प्रत्येक प्लॅटफॉर्मवर आधी या तीन नोंदी घालायच्या आणि पुढच्याच मिनिटाला त्या बाहेर काढायच्या. बाहेर काढलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडायची. त्यात 'नाडा' हा शब्द डोळ्यांनी वाचता आला पाहिजे. लोक थीम बघतात, वेग बघतात, किती लोक वापरतात ते बघतात. मी दारातून आत गेल्या गेल्या मागचं दार शोधत होते.

ड्रुपल मला मनापासून आवडलं. डेव्हलपरांना ते का आवडतं हे डीटीपीवाल्या बाईलाही कळतं, कारण त्यात आधी साचा करता येतो. शब्द हा एक रकाना, अर्थ दुसरा, गाव तिसरा, सांगणाऱ्याचं नाव चौथा. अण्णांच्या वहीचीच मांडणी. मायबोली, मिसळपाव यांसारखी मराठीची मोठी ठिकाणं ड्रुपलवर उभी राहिली आहेत, तेव्हा देवनागरीचं त्याला वावडं नाही हे उघडच होतं. पण सातव्या आवृत्तीतून आठवीत जाणं म्हणजे जवळजवळ नवीन साइट बांधणं होतं, आणि सातवीचा आधार ५ जानेवारी २०२५ ला कायमचा संपला. मोठ्या संस्थेला हे झेपतं. मला माझं उरलेलं आयुष्य शब्द टाइप करण्यात घालवायचं होतं. जूमलाही उघडून पाहिलं. ते २००५ मध्ये मॅम्बोतून फुटून निघालं आणि त्याचं नाव स्वाहिलीतल्या 'सगळे मिळून' अशा अर्थाच्या शब्दावरून ठेवलेलं आहे, आपल्या 'सगळा जुमला' मधलाच जुमला. नाव आवडलं, पुढं गेले.

घोस्ट दिसायला देखणं. जॉन ओ'नोलन यांनी २०१३ मध्ये लोकवर्गणीतून उभं केलेलं, आणि मागं ना-नफा संस्था आहे ही गोष्ट मला मोठी वाटली. लिहिण्याची चौकट इतकी स्वच्छ की हात आपोआप चालतो. पण त्याला सर्व्हरवर नोड नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या साध्या शेअर्ड होस्टिंगवर ते सहसा बसत नाही, स्वतःचा सर्व्हर घेऊन सांभाळावा लागतो. रात्री सर्व्हर बंद पडला तर उठायचं कोणी?

ह्यूगोनं मला खरी भुरळ घातली. जेकिल २००८ चं, ह्यूगो २०१३ चं, दोघांची रीत एकच. डेटाबेस नाही. प्रत्येक नोंद ही साध्या मजकुराची एक फाइल, आणि त्यावरून सगळी पानं आधीच तयार करून सर्व्हरवर नेऊन ठेवायची. आमच्या छापखान्याच्या भाषेत सांगायचं तर वर्डप्रेस-ड्रुपल म्हणजे गिऱ्हाईक दारात आलं की पान जुळवून, छापून हातात देणं. ह्यूगो म्हणजे प्रती आधीच छापून गठ्ठे लावून ठेवणं. गठ्ठ्याला कोणी काय करणार? पासवर्ड फोडायला तिथं लॉगिनच नसतं. मागच्या दाराची तर बातच नको, कारण फाइली आधीपासून माझ्याच कॉम्प्युटरवर. 'नाडा' नावाची फाइल उघडली की आत नाडा. त्या संध्याकाळी मी ठरवूनच टाकलं होतं.

मग धाकट्या भावाला दाखवलं. तो गावी शेती करतो, आणि अण्णांच्या वयाच्या माणसांपर्यंत माझ्यापेक्षा त्याची पोच जास्त. कोणाच्या ओट्यावर बसून एखादा नवा शब्द ऐकला की तो मला फोन करतो. त्यानं शांतपणे सगळं पाहिलं, साध्या खुणा घालून लिहायच्या मार्कडाउनच्या फाइली, काळ्या खिडकीत टाइप करायच्या आज्ञा. म्हणाला, "ताई, म्हणजे मी शब्द सांगणार आणि तू चढवणार. तू आजारी पडलीस की बंद."

त्याचं बरोबर होतं. मी स्वतःवर अवलंबून राहणारी गोष्ट बांधत होते. अण्णांच्या वह्या अण्णांबरोबर थांबल्या होत्या, तेच पुन्हा.

म्हणून शेवटी वर्डप्रेस. डॉट कॉम नव्हे, ती तयार सेवा आहे. मी म्हणते ते डॉट ऑर्गवरून उतरवून आपल्या होस्टिंगवर बसवायचं. त्याचा सगळा कारभार मराठीत करता येतो, भाऊ मोबाइलवरून नोंद घालतो. आणि त्याची जन्मकथा मला धीर देणारी वाटते. बी-टू नावाचं एक सॉफ्टवेअर होतं, ते लिहिणारे मिशेल वाल्द्रिगी मध्येच दिसेनासे झाले. वापरणारे अडकले. २००३ च्या जानेवारीत ह्यूस्टनच्या एकोणीस वर्षांच्या मॅट मलेनवेगनं लिहिलं की हे कोणीतरी पुढं न्यायला हवं, इंग्लंडच्या माइक लिटलनं मी येतो म्हणून कळवलं, आणि २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती निघाली. कर्ता गेला तरी काम उचलता आलं, कारण बी-टूचा परवानाच तसा होता, जीपीएल, म्हणजे कोणीही घ्यावं, बदलावं, पुढं वाटावं. उलट मे २००४ मध्ये मूव्हेबल टाइप या ब्लॉगच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरनं तिसऱ्या आवृत्तीबरोबर परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा कित्येक जण तिथून उठून वर्डप्रेसकडं आले. कोणाचा परवाना काय म्हणतो हे मी आता पत्रिकेतली नावं तपासावी तसं तपासते.

वर्डप्रेस निर्धोक आहे असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या सप्टेंबरात मलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांच्यातला वाद पेटला, ऑक्टोबरात तो कोर्टात गेला, आणि त्याच महिन्यात लाखो साइटवर चालणाऱ्या एका प्लगइनचं, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या पुरवणीचं, पान डॉट ऑर्गनं स्वतःच्या ताब्यात घेतलं. त्या आठवड्यात मी माझी सगळी प्लगइन्स उघडून पाहिली आणि पाचवर आणली. पानांची मांडणी करून देणारं पेज बिल्डर तर मुळीच नाही. ते काढून टाकलं की मजकुरात चौकटी कंसांतली त्याची खूणगाठ मागं राहते, आणि प्रत्येक नोंदीतून ती वेचत बसावी लागते.

एक अडचण मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला येते, ती मात्र नीट सांगते. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता आपोआप बनवतं. 'मोटेच्या विहिरीवरची अवजारं' ही नोंद घातली आणि पत्ता झाला 'मोटेच्या-विहिरीवरची-अवजा'. 'रं' गायब. मी दोनदा पुसून पुन्हा घातली. शेवटी कळलं, पत्त्याला दोनशे वर्णांची मर्यादा आहे, आणि आतून देवनागरीचं एकेक चिन्ह 'टक्के-ई-शून्य, टक्के-ए-चार' असं नऊ वर्णांत लिहिलं जातं. बावीस चिन्हांत पत्ता संपतो. इंग्रजीला ऐसपैस झालेली जागा आपल्याला दोन-अडीच शब्दांची. वर तो पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की त्याच टक्क्यांची भलीमोठी माळ उमटते आणि म्हाताऱ्या माणसांना वाटतं काहीतरी घातक आलं. आता प्रत्येक नोंदीला मी हातानं छोटा रोमन पत्ता देते. मला ते आवडत नाही. २०१४ पासून देवनागरीत डॉट भारत पत्ता मिळतो, मला तोच हवा होता, पण आतून तोही रोमनमध्येच साठतो आणि कुठं कसा दिसेल याचा भरवसा वाटला नाही. पोचणं महत्त्वाचं म्हणून मान्य केलं.

'दऱ्या' चं दुखणं कुठल्याच प्लॅटफॉर्मनं सोडवलं नाही. हा ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, पायाशी टिंब असलेला ऱ घेऊन. दुसरी, साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडवर्ण घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखे, कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. भाऊ मोबाइलवर एका तऱ्हेनं लिहितो, माझा हात दुसऱ्या. आठवड्याला मी ते एकसारखे करून घेते. तांदूळ निवडण्यासारखं काम आहे. साइटची भाषा मात्र न विसरता 'मराठी' निवडावी. त्यामुळं पानाच्या आत तशी खूण जाते, आणि ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श आहेत, ते तेव्हाच आपल्या वळणाचे दिसतात. बावीस वर्षं प्रुफं पाहिलेल्या डोळ्याला हिंदी वळणाचा श खुपतो.

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, माझ्या नावावर आहे, माझ्या ईमेलवर, माझ्या कार्डातून दरवर्षी पैसे जातात. हा सातबारा. एका वाचनालयाचं डोमेन डिझायनरनं स्वतःच्या नावावर घेतलेलं मी पाहिलंय, तो शहर सोडून गेला आणि वाचनालयाला नव्या नावानं सुरुवात करावी लागली. डोमेन आपलं असलं की होस्टिंग रातोरात बदलता येतं, वाचणाऱ्याला कळतही नाही.

दर रविवारी रात्री मी सगळ्या नोंदी बाहेर काढते. वर्डप्रेसच्या निर्यात फाइलमध्ये मजकूर असतो, चित्रांचे नुसते पत्ते असतात, म्हणून चित्रांचा फोल्डर वेगळा उतरवते. मग त्या फाइलीतून एका शब्दाला एक, अशा साध्या मजकुराच्या फाइली करते. एक प्रत घरी, एक पेनड्राइव्हवर, एक भावाकडं गावी. म्हणजे ह्यूगोचा गठ्ठा मी सोडलेला नाही, मागच्या खोलीत ठेवलाय. बाहेर काढल्यावर कुठलीही एक फाइल उघडून वाचते. उघडून न पाहिलेला बॅकअप मी आता बॅकअप धरत नाही.

नोंदी आता ३४० च्या वर गेल्यात. जुन्या २१४ पैकी बहुतेक लागल्या. एक वाक्य लागत नाही.

ते 'मोटकरी' या नोंदीत आहे, अण्णांनी शेवटच्या वर्षी सांगितलेलं. पोरगं पहिल्यांदा मोटेवर गेलं की त्याला काय शिकवायचं, असा विषय होता. बाकीचं आठवून, मोजून जुळवलं. आधी अमुक बघायचं, मग बैल. त्या अमुकच्या जागी सहा प्रश्नचिन्हं. थारोळं मोजलं, सहा. सोंदूर मोजला, सहा. पुढच्या शब्दावरून लिंग कळेल म्हणून पाहिलं. बघायचं, सहा. बघायचा, तेही सहा. दोन्ही वाक्यं त्या चिन्हांत बरोब्बर बसतात.

गेल्या महिन्यात भावाबरोबर तात्यांकडं गेले. तात्या अण्णांचे चुलतभाऊ, इंजिन येईपर्यंत मोट त्यांनीच हाकली. त्यांना वाक्य वाचून दाखवलं आणि मध्ये थांबले. तात्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"सकाळी मोट धरताना सोंदूर बघायचा गं. रात्री उंदरानं कुरतडलेला असतोय. आणि एकदा बैल चालू लागले की थारोळं. तुंबलं तर सगळं पाणी धावेवर येतंय, बैल घसरतोय."

"मग अण्णा काय म्हणाले असतील?"

"सकाळचं सांगत होता का दुपारचं?"

मला आठवलं नाही. परत येऊन मी त्या नोंदीत तात्यांचं बोलणं घातलं, गाव, तारीख, त्यांच्या नावासकट, अण्णा घालायचे तसं. अण्णांच्या वाक्यात ती सहा प्रश्नचिन्हं तशीच ठेवली आहेत. रविवारी फाइली बाहेर काढल्या, तेव्हा 'मोटकरी' उघडून पाहिली. सहाच्या सहा जागेवर होती.